बायकोच्या आजाराची रजा

बुधवारी सकाळी चारुशीला रामटेके सात फाइली छातीशी धरून ऑफिसचा जिना चढत होती आणि तोंडातल्या तोंडात ‘आस्क फॉर, अप्लाय फॉर, वेट फॉर’ म्हणत होती. पायरीला इंग्रजी शब्दांची एक जोडी. हुडकेश्वरहून सिव्हिल लाइन्सपर्यंत स्कूटीवर येताना दर चौकाला पाच आणि जिन्यात पायरीला एक, असं तिने ठरवून घेतलं होतं. पहिल्या मजल्याच्या वळणावर रेकॉर्ड रूमचा चंद्रभान वरून उतरत होता. तिला पाहताच तो असा धावला की तिला वाटलं, आपल्या मागे जिन्यात साप निघाला. त्याने गठ्ठा तिच्या हातातून ओढूनच घेतला. “तुम्ही काहून उचलून राहिल्या मॅडम? मी काय मेलो होतो?” तो म्हणाला. “सातच तर फाइली आहेत, चंद्रभानभाऊ.” “सात राहो का एक राहो. तुमच्या हार्टचं आमाले काय माहीत नाही? नागसेनभाऊ सारं सांगत जात. तुम्ही आरामानं या, दम खात खात.” आणि तो दोन-दोन पायऱ्या ओलांडत वर निघून गेला. चारुशीला रिकाम्या हातांनी तिथेच उभी राहिली. नागसेन म्हणजे तिचा नवरा. तीन वर्षांपूर्वी, मार्चमध्ये, याच वळणावर तो मांडीवर डबा घेऊन बसलेला सापडला होता, आणि लोकांना वाटलं होतं की बसल्याबसल्या डुलकी लागली. या वळणावर ती कधी थांबत नसे. आज थांबली, कारण वेट फॉरनंतर काय येतं ते तिला आठवेना.

तिच्या हार्टला कधी काहीही झालं नव्हतं. बेचाळिसाव्या वर्षी ती भरलेलं सिलिंडर एकटी फिरवत आत नेत होती, उन्हाळ्यात कूलरच्या टाकीत बारा बादल्या पाणी ओतत होती आणि बाळंतपणाखेरीज दवाखान्याच्या पलंगावर कधी पाठ टेकवली नव्हती. मग हे हार्ट कुणाचं? ती तळमजल्यावर आपल्या खुर्चीवर येऊन बसली, आणि त्या खुर्चीकडेच तिला संशयाने पाहावंसं वाटलं. नोकरीला लागून चौदा महिने झाले होते. पहिल्या दिवशी तिला पंख्याखालची, दाराजवळची खुर्ची मिळाली होती. मोठे साहेब रोज ‘जपून, मॅडम’ म्हणत. दिवाळीच्या फराळाला यमुताईने तिच्यासाठी वेगळी बशी ठेवली होती, तिच्यात फक्त बेसनाचा लाडू. चिवडा नाही, शेव नाही. त्या दिवशी तिला आतून चीड आली होती. विधवा म्हणून आणि अनुकंपावाली म्हणून ही माणसं आपल्याला अशी कापसात ठेवतात, असा तिचा समज होता. अनुकंपा हा शब्द ज्याने शोधला त्याला एकदा भेटायला हवं होतं. नवरा नोकरीत असताना मेला तर बायकोला नोकरी मिळते, ठीक आहे, पण ती हक्काने मिळते असं म्हणायला काय हरकत होती? चौदा महिने ती या दयेवर मनातल्या मनात दात-ओठ खात होती, आणि आज कळलं की ती दया नव्हतीच. ते सगळे एका आजारी बाईला जपत होते, आणि ती बाई कोण हे तिला ठाऊक नव्हतं.

अनुकंपेला एक शेपूट होतं. केंद्र सरकारचं ऑफिस, कारभार इंग्रजीत, म्हणून क्लार्कची जागा टिकवायची तर विभागीय परीक्षेत इंग्रजीचा पेपर पास व्हायचा. संधी तीन. चारुशीला दोनदा नापास झाली होती, दोन्ही वेळा थोडक्यात. तिसरी संधी वीस एप्रिलला होती. तीही गेली तर नोकरी जात नाही, पण खाली येते, शिपायाच्या जागेवर. म्हणजे ज्या टेबलावर नागसेन एकोणीस वर्षं बसला त्या टेबलावर चहा नेऊन ठेवायचा, कप उचलायचे, फडकं मारायचं. काम हलकं आहे असं तिला वाटत नव्हतं. तिच्या सासऱ्यांनी, धोंडबांनी, आयुष्यभर गिरणीत झाडू मारला होता, आणि तेच सांगत असत, “बाई, माझ्या पोरानं खुर्ची मिळवली, ते काही लहान काम नाही. छप्पनच्या साली आम्ही दीक्षेले मैदानात उभे राहिलो ते काहून? खुर्चीसाठीच.” खुर्ची घरात आली होती आणि आता तिच्यामुळे जाणार होती. रितिका बारावीत होती. पुढच्या कॉलेजच्या फॉर्मवर आईचा हुद्दा लिहिताना पोरगी काही बोलणार नाही, पण तिची लेखणी क्षणभर थांबेल. तो क्षण चारुशीलाला आत्ताच दिसत होता.

पेपरात तिचं घोडं अडत होतं ते या जोड्यांवर. शनिवार-रविवारी ती म्हाळगी नगर चौकातल्या मोबाइलच्या दुकानावरच्या क्लासला जाई. बाविशीतली पोरं आणि त्यांच्यात ही, शेवटच्या बाकावर. जितेंद्र सर तिच्याहून दहा वर्षांनी लहान असतील. त्यांनी एकशे वीस जोड्यांची झेरॉक्स वाटली होती आणि सांगितलं होतं, “प्रत्येक क्रियापदाची जोडी ठरलेली आहे. डिपेंडची ऑनशी, लिसनची टूशी, सफरची फ्रॉमशी. काहून, ते विचारायचं नाही. लग्न कोणाचं कोणाशी काहून झालं, हे आपण विचारतो का? पाठ करायचं अन् पुढं चालायचं.” पोरं हसली. चारुशीलाही हसली, पण तिला ते फार खरं वाटलं होतं. नरखेड तालुक्यातल्या एका गावातून, संत्र्याच्या बागा आणि मोटारपंपांच्या आवाजातून, ती एका माणसाला बांधली जाऊन हुडकेश्वरच्या दोन खोल्यांत आली होती. त्याआधी तिने त्याला एकदाच पाहिलं होतं, तेही चहाच्या ट्रेवरून. काहून ते विचारलं नव्हतं. पाठ केला होता तो माणूस. सकाळी किती वाजता उठतो, भात किती खातो, रागावला की घड्याळाला चावी देत बसतो. वीस वर्षांत सगळा पाठ झाला, असं तिला वाटत होतं.

दुपारी डबा खाताना तिने यमुताईला विचारलं. यमुताई हेडक्लार्क, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली, ऑफिसात सगळ्यांची आत्या. “यमुताई, आमचे हे माझ्याबद्दल काय सांगत?” यमुताईने भाकरीचा तुकडा हातातच ठेवला. “काय सांगतील वं? तुझ्या जीवाले किती जपे तो माणूस. महिन्या-दीड महिन्यानं एक रजा ठरलेली. वहिनीले दवाखान्यात न्यायचं हाय, म्हणे. आम्ही म्हणून राहिलो होतो, एवढी आजारी बायको सांभाळून कधी तोंडावर आठी नाही. अन् देवाची करणी पाहा, आजारी तू, गेला तो.” चारुशीलाने मान हलवली. मी आजारी नव्हते, हे वाक्य तिच्या ओठांपर्यंत आलं आणि तिथून परत गेलं. ते म्हटलं असतं तर नागसेन त्याच ऑफिसात, आपल्याच टेबलासमोर खोटारडा ठरला असता. आणि ती आजारी बाई होऊन उरलेली भाकरी खात राहिली. यमुताईने सवयीने आपल्या लोणच्याची बरणी तिच्यापासून दूर सरकवली.

दुपारभर ती कागदांवर शिक्के मारत होती आणि मनात एकच उलगडत होतं. महिन्या-दीड महिन्याने रजा. पण नागसेन घरी कधी राहिला नव्हता. पावणेदहाला डबा घेऊन निघाला की सव्वासहाला येई, एक दिवस इकडचा तिकडे नाही. कुठे जात होता? उत्तर कुठल्याही बायकोला सुचेल तेच तिला सुचलं, आणि एकदा सुचल्यावर त्या उत्तराला चेहरा फुटायला वेळ लागला नाही. नंदनवन वस्तीकडची कुणीतरी, थोडी गोरी, इंग्रजी येणारी. डबा तिथे उघडत असेल. चारुशीलाने पहाटे उठून केलेली वांग्याची भाजी ती बाई बोटं चाटून खात असेल. तिला आठवलं, भांडणात तिने त्याला कितीदा तरी विचारलं होतं, “सगळ्यांच्या नवऱ्यांले सुट्या असतात. तुमच्या सुट्या कुठं जातात? माझ्या माहेरच्या एका कामाले तुम्हाले रजा भेटत नाही.” तो घड्याळाला चावी देत म्हणे, “ऑफिसात माणसं कमी हायेत वं.” आणि तिला ते पटे. आता तिला त्याच्या मरणाचासुद्धा राग आला. मेलेल्या माणसाशी भांडता येत नाही, ही केवढी गैरसोय आहे हे तिला पहिल्यांदाच कळलं. मांडीवर डबा घेऊन बसला होता, म्हणजे त्या दिवशीही तिथेच निघाला होता की काय?

चारच्या चहाला यमुताई पुन्हा तिच्याकडे आली. परीक्षेचं विचारू लागली. “चौथा प्रश्न अर्जाचा राहते. दहा मार्क हातचे. तू जुने अर्ज पाह्य ना, रेकॉर्डातले. आपल्याकडे अर्ज कोणी लिहिते का? मागचा काढायचा, तारीख बदलायची, सही ठोकायची. मीबी तशीच पास झाली.” नागसेनचे अर्जही तिथेच असतील, हे यमुताई बोलली नाही, पण चारुशीलाला तेवढंच ऐकू आलं. ती उठली.

रेकॉर्ड रूममध्ये चंद्रभानने स्टूल पुसून दिलं आणि रजेच्या अर्जांचे गठ्ठे समोर ठेवले. सगळ्यात वर, प्लास्टिकच्या पाकिटात, एक पिवळा पडलेला टाइप केलेला कागद होता. “हा मूळपुरुष,” चंद्रभान म्हणाला. “कोणी तरी बंगाली बडे बाबू होते म्हणे, माझ्या बापाच्या वेळचे. त्याहिनं लिहून ठेवला. तवापासून सारे याच्यावरूनच उतरवतात.” चारुशीलाने वाचला. ॲज माय वाइफ इज सफरिंग फ्रॉम फीवर. माझी बायको तापाने आजारी असल्यामुळे कृपया एक दिवसाची रजा मिळावी. तिने गठ्ठा चाळला. पन्नास वर्षांतले पुरुष, आडनावं वेगळी, शाई वेगळी, आणि सगळ्यांच्या बायका तापाने फणफणलेल्या. लग्नकार्यं, मॅच, पेरणी, भाच्याचं बारसं, सगळं त्या तापात झाकलेलं. यमुताईचे अर्जही होते, त्यात सासू तापाने पडलेली होती, आणि सासू वारल्यानंतरही चार वर्षं पडत होती. चारुशीलाला हसू आलं. सकाळपासून पहिल्यांदा छाती मोकळी झाली. म्हणजे हे नुसतं नकलून काढणं होतं. “पण भाऊ, माणूस स्वतः आजारी पडला तर?” तिने विचारलं. “आपलं आजारपण कोण लिहिते जी? आपलं लिहिलं की डॉक्टरचं सर्टिफिकेट आणा, मंग फिटनेस आणा, जास्त झालं की मेडिकल बोर्डापुढं उभं राहा. बायकोचं लिहिलं की कोणी काही मागत नाही.” सांगून तो दुसऱ्या रॅककडे वळला, आणि तिने नागसेनचा गठ्ठा सोडला.

अक्षर ओळखीचं होतं, गोल, थोडं उजवीकडे कललेलं. रितिकाच्या वह्यांना कव्हर घालून त्यावर नाव लिहायचं ते अक्षर. पहिल्या पंधरा वर्षांत वर्षाला दोन-तीन अर्ज, बायकोला ताप, पुन्हा ताप. चारुशीला एकेक उलटत गेली. मग एका जूनमध्ये तापाच्या जागी दुसरा शब्द आला, मोठ्या अक्षरांत, कुठल्या तरी कागदावरून पाहून लिहिलेला, कारण एक अक्षर खोडून पुन्हा काढलं होतं. ब्रेथलेसनेस. तो शब्द तिला क्लासमुळे माहीत होता, उताऱ्यात आला होता. धाप लागणे. माझी बायको धाप लागण्याने आजारी आहे. पुढचा, ऑगस्टचा, स्वेलिंग इन फीट, पायांना सूज. मग पुन्हा धाप. मग चेस्ट पेन. मग गिडिनेस, चक्कर. वाक्य तेच, सफरिंगपुढे फ्रॉम तेच, कुठेही न चुकलेलं, फक्त आजार पुढे पुढे सरकत होता. चार वर्षं. बाकीच्या बायका तापातच होत्या. एकट्या नागसेनच्या बायकोचा आजार वाढत चालला होता.

आधी तिला शब्द दिसले, मग तारखा. ऑगस्टच्या त्या अर्जाच्या आठवड्यात नागसेन नवे बूट घेऊन आला होता, एक नंबर मोठे. “जुने आकसले,” म्हणाला होता, आणि तिने त्याला वेड्यात काढलं होतं, चामडं कधी आकसतं का? त्याच वर्षापासून तो दोन उशा घेऊन झोपू लागला. मान आखडते म्हणाला. गच्चीवर पाणी पाहायला जाताना जिन्यात मध्येच थांबे, आणि ती खालून ओरडली की म्हणे, “इथून रिंग रोडचे लाइट लय चांगले दिसतात.” दिसतही होते. तिने एकदा जाऊन पाहिले होते. तो गेल्यावर ऑफिसने त्याच्या खणातल्या वस्तू पिशवीत घालून दिल्या होत्या, कंगवा, चष्म्याचं घर, गोळ्यांच्या तीन पट्ट्या. ॲसिडिटीच्या असतील म्हणून तिने त्या कचऱ्याच्या गाडीत टाकल्या. डॉक्टर म्हणाले होते, अचानक आला, अटॅक. अचानक या शब्दाला धरून ती तीन वर्षं जगली होती. कुणाला काही कळायच्या आत गेला, आपण काय करणार होतो, असं म्हणत जगली होती.

तरीही तिने मनाला बजावलं की हे खरं नसेल. चंद्रभान शिडीवरून बोलत होता, तिच्या पाठीमागून. “तुमचं आंब्याचं लोणचं, मॅडम, अजून आठवते मले. भाऊ रोज मलेच देत जात. लोणचं, पापड, ठेचा, सारं. म्हणत, घरी वहिनीसाठी सारं अळणी करा लागते, आता माझ्याच जिभेले खारट चालत नाही. भाजीबी धुऊन खात. मी म्हणो, भाऊ, धुतलेल्या भाजीत काय राहते? तर म्हणत, करणारीचा हात राहते ना.” चारुशीलाने गठ्ठ्याची नाडी हातात गच्च धरली. तिच्या घरात अळणी कधी काही झालंच नव्हतं. ती रोज त्याच्या डब्यात लोणच्याची फोड घालत होती, जास्तच, कारण डबा चाटूनपुसून रिकामा येत होता आणि तिला त्याचं समाधान वाटत होतं. तिला रडू आलं नाही. तिला वाटलं, नंदनवनची ती गोरी बाई असती तर बरं झालं असतं. तिच्या दारात जाऊन चार शिव्या देता आल्या असत्या, आणि निदान कुणीतरी त्याला पाणी तरी विचारत होतं असं म्हणता आलं असतं. तो एकटाच जात होता. कुठल्या दवाखान्यात तेही तिला माहीत नव्हतं. ओळीत एकटा बसत होता, मांडीवर तिचा डबा घेऊन.

शेवटचे दोन अर्ज टाचणीने एकत्र लावलेले होते. खालचा पाच मार्चचा. बायकोला तपासणीसाठी दवाखान्यात भरती करायचं आहे, बारा आणि तेरा मार्चची रजा मिळावी. मंजूर, साहेबांची सही. वरचा दहा मार्चचा, दोन ओळींचा. हा मात्र मूळपुरुषावरून उतरवलेला नव्हता, कारण तसा नमुनाच नव्हता. वाक्य त्याने स्वतः जुळवलं होतं. ॲज माय वाइफ इज फीलिंग बेटर. माझ्या बायकोला आता बरं वाटत असल्यामुळे तपासणीची रजा रद्द करावी, आणि त्याऐवजी अकरा तारखेची एक दिवस रजा द्यावी. अकरा मार्चला तिच्या भावाच्या, सुशीलच्या, नव्या घराचा कार्यक्रम होता, नरखेडकडच्या त्यांच्या गावी. त्याच्या आदल्या आठवड्यात तिने जेवणाचं ताट सरकवून सांगितलं होतं, “या वेळी नाही आले तर मी पुन्हा कधी तुम्हाले माझ्या माहेरचं नाव सांगणार नाही.” दोन दिवस बोलली नव्हती. तो आला. गावातल्या चौघांबरोबर पाण्याची टाकी गच्चीवर चढवू लागला. सुशील म्हणाला, “भाऊजी, राहू द्या गा,” तर म्हणाला, “मले काय धाड भरली?” नंतर पायरीवर बसला होता, चेहरा राखेसारखा, आणि तिच्याकडे पाहून हसत होता. तिला त्या दिवशी अभिमान वाटला होता. आईला ती म्हणालीही, पाह्य, आला की नाही? एकोणीस मार्चला तो जिन्याच्या वळणावर बसला.

चंद्रभानने विचारलं, “भेटला का अर्ज मॅडम?” ती म्हणाली, “भेटला.” तिने नाडी पुन्हा बांधली, गठ्ठा जागेवर ठेवायला त्याच्या हातात दिला आणि हात पदराला पुसले.

संध्याकाळी घरी रितिका ओट्याला टेकून झेरॉक्स हातात घेऊन विचारत होती आणि चारुशीला पोळ्या लाटत होती. “ॲग्री?” “विथ.” “बिलाँग?” “टू.” “रिकव्हर?” “फ्रॉम.” “आई, आज एकही चुकली नाहीस तू,” रितिका म्हणाली. खरंच चुकली नव्हती. जोड्या जिभेवर आपोआप येत होत्या, आता त्यांना धरून ठेवायला काही लागत नव्हतं. पोरीला सांगावं का? काय सांगणार? तुझा बाप चार वर्षं मरत होता आणि मी त्याच्याशी सुट्यांवरून भांडत होते? आणि त्याने मला का सांगितलं नाही, या प्रश्नाला ती ज्या ज्या बाजूने भिडली त्या त्या बाजूला तीच उभी होती. सांगितलं असतं तर मी रडले असते, हातपाय गाळून बसले असते, सासऱ्यांच्या अभिमानाच्या खुर्चीची काळजी केली असती, त्याला बोर्डापुढे उभं करतील म्हणून घाबरले असते. किंवा नुसतं म्हटलं असतं, तुम्हाले काय धाड भरली? हे शेवटचं तिला सगळ्यात खरं वाटलं आणि तिने पोळी तव्यावर टाकली. जेवायला बसल्यावर रितिकाने पहिला घास घेऊन तोंड वाकडं केलं. “आई, भाजीत मीठच नाही टाकलं तू.” “असू दे,” चारुशीला म्हणाली, “तू वरून घे.” स्वतः तिने घेतलं नाही. ती भाजी सावकाश खात राहिली, प्रत्येक घास चावून, आणि त्यात काय राहतं ते शोधत राहिली.

वीस एप्रिलला पेपर होता, एका शाळेत, नऊ वाजता, तरी ऊन खिडकीतून बाकावर आलं होतं. गाळलेल्या जागा तिने वीसच्या वीस भरल्या. आपण पास होणार हे तिला तिथेच कळलं, खुर्ची राहणार हे कळलं, आणि त्याचं तिला वाटायला हवं होतं तेवढं काही वाटलं नाही. मग चौथा प्रश्न. दोन दिवसांच्या रजेसाठी वरिष्ठांना अर्ज लिहा. आजूबाजूच्या पेनांचा आवाज सुरू झाला. या सगळ्यांच्या बायका आत्ता तापाने पडत असणार, तिला वाटलं. तिने वर उजवीकडे तारीख घातली. बारा मार्च. खोडली आणि वीस एप्रिल केली. मग लिहिलं, ॲज माय हजबंड इज सफरिंग फ्रॉम चेस्ट पेन. माझ्या नवऱ्याच्या छातीत दुखतं आहे, त्याला दवाखान्यात न्यायचं आहे, तरी दोन दिवसांची रजा मिळावी. अर्ज इथे संपत होता, दहा मार्कांना एवढं पुरे होतं. पण तिने आणखी एक ओळ लिहिली, जी कुठल्याच नमुन्यात नव्हती. तो आपणहून सांगणार नाही, मलाच न्यावं लागेल. शब्द अडखळले, एक-दोन चुकलेही असतील. खाली सहीच्या जागी नाव लिहायचं नव्हतं, फक्त रोल नंबर. पेपर गोळा करणाऱ्या बाईने पान ओढलं तेव्हा चारुशीलाचं बोट अजून त्या ओळीवर होतं, आणि बाईला “मॅडम, सोडा,” असं दोनदा म्हणावं लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वरच्या मजल्यावर फाइली न्यायच्या होत्या. पाचच होत्या. जिन्याच्या तोंडाशी चंद्रभान समोर आला आणि त्याने नेहमीसारखे हात पुढे केले. चारुशीलाने त्या मुकाट्याने त्याच्या हातात दिल्या. मग कठडा धरून ती चढू लागली. आज तोंडात जोड्या नव्हत्या. एकेक पायरी, मध्ये थोडं थांबून, जसं कुणी आपल्याबरोबर चढत असावं आणि त्याला पुढे गेल्याचं वाटू नये. पहिल्या मजल्याच्या वळणावर खिडकी होती. तिथून बाहेरचं कडुलिंबाचं झाड आणि त्यामागचा रस्ता दिसत होता, हे चौदा महिन्यांत तिला माहीतच नव्हतं. ती खिडकीशी उभी राहिली. वरून चंद्रभानने वाकून विचारलं, “काय झालं मॅडम? दम लागला का?”

“हो,” चारुशीला म्हणाली. “लागते थोडा. तुम्ही व्हा पुढं.”